हिरवा-पांढरा बोया

नोव्हेंबरच्या पहिल्याच सोमवारी ब्रॉनविननं कपाटाच्या तळातला पुठ्ठ्याचा खोका बाहेर ओढला आणि वर्गासमोर उलटा केला. त्यातून बर्फाची माणसं पडली, शिंगवाली हरणं पडली, टोकदार झाडं पडली. सगळी जाड पुठ्ठ्यात कापलेली. पोर्ट टॅरनच्या पोरांनी तीस वर्षं याच साच्यांच्या कडेनं पेन्सिल फिरवून ख्रिसमसची कार्डं केली होती. कडा झिजून बर्फाच्या माणसांची नाकंसुद्धा गेली होती.

"ही सगळी कचऱ्यात," ब्रॉनविन म्हणाली. इथे ख्रिसमस भर उन्हाळ्यात येतो; बाहेर पत्र्याचं छप्पर उन्हानं तडतडत होतं आणि सतरा पोरं वहीनं वारा घेत बसली होती. "खरं सांगा, तुमच्यापैकी बर्फ कोणी पाहिलाय?"

"मी पाहिलाय मिस," मागच्या बाकावरून कूपर म्हणाला. "बाबांच्या आमिषाच्या फ्रीजमध्ये. त्यात माशांची मुंडकी असतात."

"मग मुंडकी काढ. बर्फाच्या माणसापेक्षा बरी. या वर्षी एकच नियम. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय तेच काढायचं आणि खऱ्या रंगात काढायचं."

पोरं खिदळली. खिडकीजवळ बसलेली टेगन पास्को मात्र हसली नाही. ती खाली पडलेल्या साच्यांकडे बघत होती.

टेगन आठ वर्षांची. वाचायला बसवली की अक्षरं तिच्यासमोर नुसती नाचायची आणि वर्गात तिची पाळी आली की बाकीची पोरं उगाच खोकायची. दोन वर्षांपूर्वी ब्रॉनविनच्या वर्गात आली तेव्हा तिला चित्रसुद्धा काढता येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे ती काढायची आणि लगेच खोडायची. एक रेघ मारली की खोड, दुसरी मारली की खोड. कागद फाटेपर्यंत खोडत राहायची. शेवटी एक दिवस ब्रॉनविननं तिच्या हातातून तो गुलाबी खोडरबर घेतला, आपल्या टेबलाच्या खणात टाकला आणि म्हणाली, "हा आता माझ्याकडे राहील. चुकलं तर चुकलेलं राहू दे. मला चुकलेलंच बघायचंय." पहिले चार महिने टेगननं कोऱ्या कागदावर एक ठिपका देऊन परत दिला. पाचव्या महिन्यात ठिपक्याला पाय फुटले, तो खेकडा झाला. तिथून पुढे तिचा हात जो सुटला तो सुटलाच. पोरीला पाणी काढता यायचं. ओहोटीचं वेगळं, भरतीचं वेगळं. ब्रॉनविनला स्वतःचं मूल नव्हतं आणि सहा वर्षांच्या नोकरीत तिला अभिमान वाटावा असं एवढंच एक घडलं होतं. तिनं ते कोणाला बोलून दाखवलं नाही, पण रोज संध्याकाळी टेबल आवरताना खणातला तो रबर दिसला की तिला बरं वाटायचं.

गावाचं एक कार्ड दर वर्षी निघतं. शाळेतल्या पोरांच्या कार्डांतून एक निवडायचं, मासेमारांच्या क्लबानं ते छापून आणायचं आणि डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी प्रत्येक घराच्या टपालपेटीत टाकायचं. त्याच शनिवारी धक्क्यावर पिंजऱ्यांचं झाड उभं राहतं. शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, पकडायचे पिंजरे एकावर एक रचून केलेलं. प्रत्येक घर आपले तीन पिंजरे आणतं, वर आपला बोया, पाण्यात पिंजऱ्याची खूण म्हणून तरंगणारा गोळा, बांधतं, मग दिवे लागतात आणि फादर ख्रिसमस बोटीतून येतो. कार्ड म्हणजे त्याचं आमंत्रण. ते निवडायचं मात्र गावातल्या कोणी नाही. एके वर्षी क्लबाच्या सेक्रेटरीनं स्वतःच्या नातीचं कार्ड निवडलं आणि त्यावरून दोन घरांचं बोलणं जे बंद झालं ते अजून बंदच आहे. तेव्हापासून सतरा-अठरा कार्डं पाकिटात घालून, पाकीट चिकटवून माउंट गॅम्बियर शहराला पाठवतात. तिथल्या एक निवृत्त चित्रकलाबाई निवडतात, तिथेच छापतात आणि पेटीत पडेपर्यंत गावातला कोणीही ते बघत नाही. पाकीट चिकटवणारी तेवढी बघते. म्हणजे ब्रॉनविन.

टेगननं पहिलं कार्ड केलं त्यात बाबांची बोट होती, बोटीवर लाल डगलेवाला फादर ख्रिसमस आणि नारिंगी-काळ्या बोयांचा नीट रचलेला ढीग. नारिंगीवर काळा पट्टा म्हणजे पास्को. टेगनचं दप्तर त्याच रंगाचं, तिच्या घराचं फाटक त्याच रंगाचं.

"हे तू पाहिलंस?" ब्रॉनविननं विचारलं.

टेगननं मान हलवली. नाही.

"मग काय पाहिलंस?"

टेगन बराच वेळ पेन्सिल चावत राहिली. मग तिनं हळूच सांगितलं की बाबांचा खलाशी सोडून गेल्यापासून शनिवारी तीच बाबांबरोबर जाते. तांबडं फुटायच्या आधी. पाण्यावर तेव्हा दुधाच्या सायीसारखं काहीतरी असतं. बाबा लांब आकड्यानं बोया ओढतात, मग दोर येतो, मग पिंजरा वर येतो आणि पिंजऱ्यातून पाणी सांडतं ते आधी काळं दिसतं आणि मग एकदम लाल. कारण तेवढ्यात सूर्य येतो.

ब्रॉनविननं एक कोरा कागद तिच्यासमोर सरकवला. ही पोर दोन वाक्यांपुढे कधी बोलली नव्हती. "हे काढ. अगदी हेच."

"नको मिस. बाबा म्हणतात, बोटीवरचं बोटीवरच राहायला पाहिजे."

इथे ब्रॉनविन हसली. या गावात हे वाक्य तिनं शंभरदा ऐकलं होतं. जो तो आपली चांगली जागा लपवतो. कुठल्या खडकामागे शेवंड मिळाली हे बाप मुलाला सांगत नाही आणि क्लबात बसले की सगळे जण आपल्याला काहीच मिळालं नाही म्हणून रडतात. तिनं टेगनच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, जागा कळू नये म्हणून म्हणतात ते. आपण किनाऱ्याचं टोक काढायचं नाही, खडक काढायचा नाही, दीपगृह काढायचं नाही. नुसतं पाणी. मग कोणाला कळणारेय ते कुठलं आहे?"

टेगननं यावर विचार केला. तिला पटलं. मिसनं सांगितलेलं तिला पटायचंच.

"आणि रंग खरेच घालू?"

"खरेच."

तीन दिवस ती त्या कार्डावर बसली होती. मधल्या सुट्टीतसुद्धा उठली नाही. चौथ्या दिवशी तिनं ते ब्रॉनविनच्या टेबलावर ठेवलं आणि ब्रॉनविन खुर्चीत मागे टेकली. ते पाणी अगदी तसंच होतं, सायीसारखं. पाठमोरा वाकलेला बाप, ताणलेला दोर, पिंजऱ्यातून सांडणारी लाल धार आणि बापाच्या पायाशी पडलेला, पांढऱ्या पट्ट्याचा हिरवागार बोया. बोटीच्या टोकाला एक छोटी मुलगी दोन्ही हातांनी कंदील धरून उभी. त्या सगळ्या निळ्या-काळ्यात तो हिरवा इतका छान उठून दिसत होता की ब्रॉनविन म्हणाली, "वा! आणि ख्रिसमसचा हिरवाही आला बघ."

टेगन हसली. क्वचित हसायची, तेव्हा तिचा पुढचा अर्धा दात दिसायचा.

ब्रॉनविननं पाकीट चिकटवलं.

सहा वर्षं! सहा वर्षांत माणूस परकी भाषा शिकतो. या गावात पोरांना अक्षरओळख व्हायच्या आधी बोये ओळखता येतात. पिवळा-लाल म्हणजे राऊ, सगळा निळा म्हणजे जेनर, हिरवा-पांढरा म्हणजे लिडिकोट. आजोबांचा रंग नातवाला मिळतो, लग्नाच्या गाडीला त्याच रंगाची फीत लागते आणि माणूस गेला की त्याचा एक बोया दफनभूमीच्या कुंपणाला बांधतात. ब्रॉनविन गव्हाच्या मुलखातून आलेली. तिनं ती फाटकं पाहिली, त्या टपालपेट्या पाहिल्या आणि लोकांना रंगाची हौस आहे असं समजली. विचारायची वेळ तिच्यावर आली नाही आणि सांगायचं कोणाला सुचलं नाही. ज्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात त्या कोणी सांगत नाही.

गुरुवारी कार्डं पेट्यांत पडली. शाळा सुटल्यावर ब्रॉनविननं फक्त उड्या मारायच्या बाकी होत्या. ती तशीच पोस्टात गेली. खिडकीमागे नोएलीन होती, पोस्टही तीच चालवायची आणि क्लबाचे कागदही तीच सांभाळायची.

"पाहिलंस? टेगनचं निघालं! दोन वर्षांपूर्वी ही पोर ठिपका काढायची गं, नोएलीन."

नोएलीननं पत्रांचा गठ्ठा खाली ठेवला. "हात चांगला आहे पोरीचा."

"एवढंच?"

"ब्रॉन, आत ये. दार लाव."

नोएलीननं कार्ड टेबलावर ठेवलं आणि हिरव्या बोयावर बोट टेकवलं. "हा कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? ख्रिसमसचा हिरवा..."

"मर्वचा आहे तो. मर्व लिडिकोटचा. आणि ओढतोय कोण? डॅरल पास्को. त्याच्या बोटीचा कठडा आहे हा, मागचा तो पोचासुद्धा काढलाय तुझ्या टेगननं. ऑक्टोबरपासून मर्वचे पिंजरे रिकामे येतायत. आमिष संपलेलं, शेवंड नाही. म्हातारा म्हणत होता, ऑक्टोपस शिरतोय आत. दर शुक्रवारी क्लबात बसून ऑक्टोपसला शिव्या घालायचा आणि डॅरल शेजारी बसून म्हणायचा, हो ना, या वर्षी फार झालेत." नोएलीननं श्वास घेतला. "दुसऱ्याचा पिंजरा ओढणं म्हणजे काय ते तुला माहितीय का? इथे माणसानं बायको सोडली तर लोक सहा महिन्यांत विसरतात. हे नाही विसरत."

ब्रॉनविननं कार्ड स्वतःकडे ओढलं. "सगळ्या घरी गेली नसतील ना अजून? परत मागवता येतील?"

"दोनशे सहा घरी गेलीत. मीच टाकली. सकाळी मलासुद्धा पहिल्यांदा नुसतं पाणीच दिसलं बघ. इतकं सुरेख आहे ते."

ब्रॉनविन शाळेत परतली तेव्हा डॅरल पास्को पायरीवर बसला होता. रबरी बूट तसेच पायात, अंगाला आमिषाचा वास. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो ओरडला नाही.

"तुम्ही सांगितलंत तिला ते काढायला?"

"मी म्हटलं, पाहिलंय ते काढ. मला माहीत नव्हतं, डॅरल. शपथ घेऊन सांगते."

"ती मला म्हणाली होती, मिस सांगतात खरं काढ म्हणून. मी म्हटलं, काढ बाई. मला वाटलं, दर वर्षीसारखं बर्फाचं माणूसच काढून घ्याल." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "तिला वाटतं मी मर्वकाकांना मदत करतोय. त्यांची पाठ गेलीय, म्हणून त्यांचे थोडे पिंजरे आपण ओढतो, असं मीच सांगितलंय तिला. कोणाला सांगायचं नाही, कारण मर्वकाकांना लाज वाटेल. असंही मीच सांगितलंय."

ब्रॉनविन त्याच्याशेजारी पायरीवर बसली.

"माझं जे व्हायचं ते होईल. मी केलंय ते केलंय. पण तिला कळता कामा नये. एवढं करा. तुम्ही सांगा की नारिंगी रंग संपला होता. वर्गात नारिंगी नव्हता, म्हणून तुम्ही म्हणालात हिरवा घाल. शाळेच्या बाईंनी सांगितलं तर लोक ऐकतील. मनातून नाही ऐकणार, पण पोरीसमोर तोंड तरी बंद ठेवतील."

"ठीक आहे," ब्रॉनविन म्हणाली. ती दुसरं काय म्हणणार होती? दोन वर्षं पोरीला खरं काढायला शिकवणारी बाई आता गावासमोर खोटं बोलायला तयार झाली आणि तिला त्यात क्षणभरसुद्धा चूक वाटली नाही. पोर वाचली पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता अख्खं गाव धक्क्यावर होतं. ऊन अजून कडक होतं, पण दक्षिणेचा वारा सुटला होता. झाड जवळजवळ पुरं झालं होतं. खालच्या ओळीत पास्कोंचे तीन पिंजरे होते, सकाळीच आणून ठेवलेले. डॅरल गाडीला टेकून उभा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा पावलं मोकळी होती. टेगन नवीन पांढरा फ्रॉक घालून, हातात आपलं कार्ड घेऊन उभी. ज्याचं कार्ड निघतं ते मूल दिव्यांचं बटण दाबतं. ती लोकांकडे बघत होती. शाबासकी अजून कोणी दिली नव्हती, पण दिवे लागल्यावर देतील असं तिला वाटत असावं.

ब्रॉनविन माणसांच्या घोळक्यात गेली. तिनं ठरवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. नारिंगी संपला होता. मीच म्हटलं हिरवा घे. माझी चूक आहे, तिची नाही, डॅरलचीही नाही.

कूपरचा बाप जमिनीकडे बघत म्हणाला, "कूपरच्या कार्डात नारिंगी होता की हो, मिस. माशाच्या मुंडक्यांना घातला होता त्यानं."

"तो... तो नंतर आणला."

"बरं," तो म्हणाला. त्याच्या त्या 'बरं'नं तिच्या तोंडात मारल्यासारखं झालं, पण तो तिथेच थांबला. डॅरल म्हणाला होता तसंच. मनातून ऐकलं नव्हतं, पण तोंडं बंद झाली होती. आणखी अर्धा तास. दिवे लागतील, फादर ख्रिसमस येईल, टेगन घरी जाईल.

तेवढ्यात मर्व लिडिकोट पुढे आला. बहात्तर वर्षांचा, पाठ खरोखरच वाकलेली. या माणसानं आवाज चढवलेला कोणी ऐकला नव्हता. तो सरळ टेगनपाशी गेला, गुडघ्यावर हात टेकत कसाबसा खाली बसला आणि तिच्या हातातलं कार्ड बघू लागला.

"फार सुंदर काढलंयस गं. मला एक सांग. तुझा नारिंगी संपला होता का?"

टेगननं ब्रॉनविनकडे पाहिलं. ब्रॉनविननं मान खाली घालून हो म्हणून हलवली. अगदी थोडी. जेमतेम दिसेल एवढी.

टेगन गोंधळली. मग म्हणाली, "नाही. नारिंगी होता. पण मिस म्हणाल्या होत्या, खरे रंग घाल." आणि मग तिचा आवाज मोठा झाला, कारण तिला वाटलं आता लपवण्यासारखं काही नाही, मर्वकाकांनी तर पाहिलंच आहे. "बाबा तुमचे पिंजरे ओढून देतात ना. तुमची पाठ दुखते म्हणून. ख्रिसमसला मदत करायची असते, म्हणून मी ते काढलं. तुम्ही रागावला नाहीत ना? बाबा म्हणाले, तुम्हाला लाज वाटेल."

डॅरल गाडीकडे तोंड करून उभा राहिला.

मर्वच्या हनुवटीवरचे पांढरे खुंट हलत होते. मग त्यानं टेगनच्या डोक्यावर हात ठेवला.

"नाही गं. रागावेन कशाला? थँक्यू."

"बाबांना पण म्हणा ना."

"म्हणेन."

तो उठला. दोघांनी हात दिला तेव्हा उठता आलं. डॅरलच्या अंगावरून गेला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. दिव्यांसाठी थांबला नाही. त्याच्यामागून एकेक करत बरेच जण निघाले. कूपरचा बाप झाडापाशी गेला, खालच्या ओळीतले नारिंगी-काळे तीन पिंजरे एकेक करून सोडवले आणि डॅरलच्या गाडीशेजारी नेऊन ठेवले. आदळले नाहीत, नीट ठेवले. झाडाला खाली एका बाजूला भगदाड पडलं.

"मिस," टेगन म्हणाली, "आमचे का काढले?"

ब्रॉनविन म्हणाली, "चल, बटण दाब." टेगननं बटण दाबलं. दिवे लागले, उन्हात ते दिसतही नव्हते.

सोमवारी मधल्या सुट्टीत पोरांनी टेगनला सगळं सांगितलं. पोरंच ती, त्यांनी आडपडदा कशाला ठेवावा? ब्रॉनविन धावत बाहेर गेली तोवर टेगन नळापाशी उभी राहून हात धूत होती. रडत नव्हती. हात धुऊन झाले तरी धूत होती.

मंगळवारी सकाळी डॅरल समुद्रावर गेला आणि दुपारी रिकामा परत आला. त्याच्या साठ पिंजऱ्यांतले सत्तावन्न तळाशीच हरवले होते. बोयांचे दोर कोणीतरी कापलेले. नारिंगी-काळे बोये आठवडाभर किनाऱ्याला लागत राहिले आणि कोणीही ते उचलून त्याच्या दारात नेऊन ठेवले नाहीत, जसे इतर कोणाचे ठेवले असते. टेगनच्या आईनं, शेरीनं, माशांच्या कारखान्यातलं काम सोडलं. शाळा संपली की ते दूर, नदीकाठच्या गावाला तिच्या बहिणीकडे जाणार होते. समुद्र तिथून तीन तासांवर. डॅरल घरात कोणाशी बोलत नाही असं नोएलीन म्हणाली. विशेष करून पोरीशी नाही. तिच्यावर रागावलाय म्हणून नाही, तिच्याकडे बघवत नाही म्हणून. पण आठ वर्षांच्या मुलीला हा फरक कसा कळावा?

शाळेचा शेवटचा आठवडा आला. ब्रॉनविननं वर्गात कागद वाटले. "ज्याला जे हवं ते कार्ड करा, घरच्यांसाठी."

सोळा पोरं मुकाट्यानं कामाला लागली. ती बाकांमधून फिरली. कूपरनं बर्फाचं माणूस काढलं होतं. त्याच्या शेजारच्या पोरीनं बर्फाचं माणूस काढलं होतं. पुढच्या बाकावर हरण, त्याच्यापुढे टोकदार झाड. सोळाच्या सोळा. साचे तर तिनं केव्हाच कचऱ्यात टाकले होते. पोरांनी आठवणीतून काढले होते, झिजलेल्या नाकांसकट.

"कूपर, हे काय?"

"आई म्हणाली, बर्फच काढायचा, मिस. दुसरं काही नाही." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "सगळ्यांच्या आया म्हणाल्या."

टेगन त्या दिवशी आली नव्हती. ती शाळा सुटल्यावर आली. अंगणात कोणी नाही असं पाहून दारात उभी राहिली. हातात तिचं नारिंगी-काळं दप्तर, पण पुस्तकांनी नव्हे, दुसऱ्याच कशानं तरी फुगलेलं.

"ये गं. आत ये."

टेगननं दप्तर पहिल्या बाकावर उलटं केलं. कार्डं पडली. तीच, सगळी तीच. पाणी, वाकलेला बाप, दोर, कंदील धरलेली छोटी मुलगी, हिरवा बोया. काही चुरगळलेली, काहींवर चहाचे डाग, काहींना फ्रिजला चिकटवलेल्या पट्टीचे तुकडे. एकाला माशाचे खवले लागले होते.

"ही कुठून आणलीस?"

"मागितली. काहींनी दिली. काही कचऱ्याच्या डब्यात होती." तिनं एक कार्ड उचलून सरळ केलं. "एकशे त्र्याहत्तर झाली. नोएलीनमावशी म्हणाली, दोनशे सहा होती. बाकीच्यांनी दार उघडलं नाही."

ब्रॉनविन तिच्यासमोर खाली बसली. "टेगन, तू काहीही चुकीचं केलेलं नाहीस. ऐकतेयस ना? तू पाहिलंस ते काढलंस. चूक माझी आहे. मी तुला विचारायला हवं होतं. मी..."

टेगन ऐकत होती, पण मोठी माणसं बोलतात तेव्हा पोरं ऐकतात तसं, संपायची वाट बघत. ब्रॉनविन थांबल्यावर ती म्हणाली, "नारिंगीनं वरून रंगवून पाहिलं. मातकट होतं. कळतंच खाली काय आहे ते."

"हं."

"मिस, माझा रबर द्या ना."

ब्रॉनविन जागची हलली नाही. दोन वर्षं. खेकडा, ओहोटी, सायीसारखं पाणी. नाही म्हणावं असं तिला फार वाटलं, ओरडून नाही म्हणावं असं वाटलं. पण कुठल्या तोंडानं म्हणणार? याच पोरीला तिनं खरं काढायला लावलं होतं आणि याच पोरीवर खरं सांगायची वेळ आली तेव्हा मान हलवून तिला खोटं बोलायला खुणावलं होतं. ती उठली, खण उघडला आणि तो गुलाबी रबर टेगनच्या तळहातावर ठेवला.

टेगन बाकावर बसली. पहिलं कार्ड समोर घेतलं, डाव्या हातानं घट्ट दाबून धरलं आणि हिरव्या बोयावर रबर घासायला लागली. छापलेला रंग तो. निघाला नाही. ती घासत राहिली. गुळगुळीत कागद पांढरट झाला, त्याला लव आली, मग भोक पडलं. तिनं ते कार्ड बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं. तेही फाटलं. तिसरं तिनं हलक्या हातानं घासलं, जीभ दातांत धरून, पाणी काढायची तेव्हा धरायची तशी.

"हे नाही निघायचं गं," ब्रॉनविन म्हणाली. "छापलेलं खोडता येत नाही."

"हळूहळू केलं तर निघेल." टेगननं मान वर केली नाही. "पण खूप आहेत. आम्ही शुक्रवारी जाणार. तुम्ही मदत करता?"

ब्रॉनविननं कपाटातून दुसरा रबर आणला आणि तिच्या शेजारी बसली.